एक राहिलीये

एप्रिलात बर्फ उतरला की कुओपिओचे रस्ते
खडी ओकतात, हिवाळाभर पसरलेली.
ती झाडायला मी यंत्र हाकतो, पहाटे चारपासून.
यंत्राचा झाडू पोलादी. त्याचे दात मोडतात,
गटाराच्या कडेला पडून राहतात,
चपटे, लवचीक, वीतभर लांब.
बावीस वर्षं मी ते कचऱ्यात टाकले.

मग डेपोतली साइमी, वय एकोणीस, नाकात बाळी,
म्हणाली, वेइयो, फेकू नकोस, सोनं आहे हे.
कानशीने एकाला घासून घासून
टोकाशी बाक दिला, मांजराच्या नखीएवढा,
दुसऱ्याला काटकोनात वाकवलं,
आणि माझ्या डब्याशेजारी
एक पिवळं कुलूप ठेवलं. किल्ली तिच्या खिशात.

नियम दोनच, म्हणाली.
जे आपलं नाही, ते उघडायचं नाही.
जे वापरात आहे, ते आपलं असलं तरी उघडायचं नाही.
आणि जोर?
तो नियम नाही, ती अक्कल. ती उशिरा येते.

मला जोरच ठाऊक. गोठलेले नट, अडलेली झाकणं.
पहिल्या आठवड्यात तीन आकडे मोडले.
ताण द्यायचा म्हणजे किती?
दलदलीतली पिकली बेरी
न फोडता देठावरून काढताना देतात, तितका.
बरं, त्याच्या निम्मा.

आत पाच पिना, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग.
सगळ्या एकदम अडत नाहीत. एक अडते.
ती हुडकायची, उचलायची, एवढीशी,
टिक् झालं की सोडायची,
तोवर दुसरी हट्टाला पेटलेली असते.
कुठली, ते कुलूप सांगतं,
पण कानाला नाही,
नखाच्या मुळाला.

रात्री हॉकी लावून बसायचो.
गोल झाला की हात हलायचा,
पाचही खाली.
पुन्हा पहिलीपासून.

मे महिन्यात, मंगळवारी, बटाटे उकळत असताना
कडी सुटली.
जगात काही हललं नाही.
मी कुलपाकडे बघत राहिलो
आणि बटाट्यांचा लगदा झाला.

पण खरी गंमत वेगळीच.
आमच्याकडच्या दारांत पिना नसतातच.
चकत्या असतात, एकीमागे एक, अकरा-अकरा,
त्यांच्यापुढे माझी विद्या बालवाडीतली.
साइमी म्हणते, दहा वर्षांनी बोलू.
म्हणजे या अख्ख्या गावात
मला उघडता येईल असं एकही दार नाही.
चोर व्हायचं म्हटलं
तर परदेशीच जावं लागणार.

जानेवारीत समोरची हेल्लेवी कचरा टाकून आली,
तोवर दार लागलेलं.
अंगात झगा, पायात लोकरी मोजे.
माझी बेल वाजवली.
तुम्ही कुलपं उघडता म्हणे?
अकरा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.
मी माझी गुंडाळी घेऊन गेलो, गुडघे टेकले,
दोन्ही नियम मोडायच्या तयारीने
भोकात डोकावलो, आणि उठलो.
नाही येत, म्हटलं.

देखभालवाला तास लावणार होता.
आत या म्हटलं, तर ती म्हणाली, जिन्यातच बरं.
बसलो. एक पायरी सोडून.
मग तुम्हाला येतं तरी काय?
खिशातून पिवळं कुलूप काढलं.
उघडून दाखवलं. दाबून लावलं.
तिने हात पुढे केला.

सदतीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात शिवलेली बोटं.
मी ताणाबद्दल सांगू लागलो, बेरी वगैरे.
शू, म्हणाली.
टिक्.
बराच वेळ काही नाही. खाली कुणाचं कुत्रं भुंकलं.
टिक्, टिक्.
चौथीसाठी डोळे मिटले तिने.

ताइस्तो आला, खांद्यांवर बर्फ,
किल्ली घातली, अर्धा फेरा,
दार उघडं.
जिन्यात उजेड पडला, जळक्या कॉफीचा वास.
झालं, म्हणाला, चला.
हेल्लेवीने मान वर केली नाही.
थांब रे जरा, म्हणाली,
एक राहिलीये.