समुद्राला जाण्याआधी, अशोक चौकात

गाडी रात्री साडेआठला सुटेल असं कागदावर छापलंय.
सुटते नऊला. हे मी सांगायला नको होतं.

ओळखपत्राच्या दोन प्रती काढा.
एक पर्समध्ये, एक बॅगेच्या तळाशी.
नवऱ्याकडे देऊ नका, नवरे हरवतात.
मागच्या खेपेला दोन हरवले :
एक शहाळ्याच्या गाडीपाशी सापडला,
दुसरा बसमध्येच होता, झोपलेला.

उन्हाचं सांगायला तोंड उघडलं
तर मागच्या रांगेतून रेवणसिद्ध बिराजदार उठले,
"उन्हाचं काय सांगलालाव ओ आम्हाला?"
सभागृह हसलं. मीही हसलो.
पत्र्याखाली, मे महिन्यात, माग चालवलेली ही माणसं.

पण काका, आपलं ऊन तोंडावर बोलतं,
दारात उभं राहून शिव्या देतं
आणि आपण सावली धरतो.
तिकडचं ऊन वारा घालत घालत भाजतं.
रात्री अंगाला सदरा सोसेना झाला की मग कळतं.
म्हणून मलम लावा, बाहेर पडायच्या अर्धा तास आधी,
पाण्यातून आल्यावर पुन्हा.
कानांच्या पाळ्यांना, पावलांवर,
टक्कल असेल तर लाजू नका, तिथंही.

आपला घाम वाहायच्या आत वाळतो,
पाठीवर मिठाचा नकाशा ठेवून जातो.
तिकडे तो जातच नाही, पाहुण्यासारखा बसून राहतो.
तहान लागायची वाट बघू नका. पीत राहा.

कडक भाकरी घ्या, शेंगाचटणी घ्या,
चटणी डब्यात, पुडीत नको,
सात नंबरच्या सीटवर अजून डाग आहे.
भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ पडेल,
करणारणीला बोल लावू नका. हवाच तशी.

गगनबावड्यानंतर घाट लागतो. गोळी त्याच्या आधी घ्यायची,
घाट लागल्यावर नव्हे.

शिट्टी वाजली की पाण्याबाहेर.
लाल झेंडा असेल तर गुडघासुद्धा भिजवायचा नाही.
आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याला चारी बाजूंनी काठ आहे,
याला एकच.
तो सोडू नका.

हॉटेलचे टॉवेल किनाऱ्यावर न्यायचे नाहीत, दंड दोनशे

इथं नरसम्मा गाजुल यांनी हात वर केला,
शाळेत करतात तसा, कोपर दुसऱ्या हातात धरून.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
टॉवेलच्या कडा शिवल्या त्यांनी.
पांढरे. डझनावर डझन.
खोक्यांवर गावांची नावं असायची,
कुणीतरी वाचून दाखवायचं,
सगळी समुद्राकाठची.

"न्यायचा नाही," त्या म्हणाल्या,
"पण कोपरा उलटून बघितला तर चालतंय का?
सगळ्या बायका दोन टाके घालून सोडायच्या.
सुपरवायझर ओरडायचा, दोरा वाया जातो म्हणून,
तरी मी तीन घालायची.
ओल्या हातानं ओढलं तर पहिलं कोपऱ्यातच उसवतं."

माझ्या कागदावर याचं उत्तर नव्हतं.
बावीस वर्षं मी माणसांना समुद्र दाखवतोय,
रोज त्या टॉवेलला तोंड पुसतोय,
कोपरा कधी उलटला नाही.

पेन्सिलीनं समासात लिहिलं : बघायला हरकत नाही.

मग पुढचं वाचलं. रबरी चपला.
फोनला प्लास्टिकची पिशवी, वाळू आत जाते.
शाकाहारी असाल तर आदल्या रात्री सांगा.
गुलाबी दिसेल ते सरबत नव्हे, सोलकढी आहे,
साखर मागू नका.

आणखी कुणाला काही?
नसेल तर उद्या भेटू, नऊला.
नरसम्मा, तुम्ही उजवीकडे खिडकीशी.
मालवण सोडलं की त्या बाजूनं
आधी दिसतो.