अप्पर, रात्री पावणेबारा

स्वारगेटला विचारलं, अप्पर येणार का?
रिक्षावाला माझ्याकडे न बघताच म्हणाला,
खाली सोडतो, चढावर नाही.
अहो, राहते मी तिथं.
म्हणूनच, म्हणाला.

म्हणजे अर्धा किलोमीटर पायी.
आधी सोसायटीची भिंत, वर काचा,
चार कॅमेरे, दुधासारखा उजेड
आणि माणूस एकही नाही.

वॉर्डात पेशंटची सून विचारते, कुठं राहता मावशी?
अप्पर म्हटलं की तिची पर्स
या खांद्यावरून त्या खांद्यावर.
आमच्या ग्रुपवर रोज येतं हो तुमच्याकडचं.
आमच्याही ग्रुपवर तेच येतं, हे मी सांगत नाही.
कोयता घेतलेला तोच अंधुक पोरगा;
गेल्या वर्षी तो नागपूरचा होता,
यंदा आमच्या गल्लीतला.
मीही पुढे पाठवला. बहिणीला, आणि दोन सिस्टरांना.

पूर्वी भिंत संपली की भीती संपायची.
वळणावर नझीरची भुर्जीची गाडी,
स्टोव्हचा आवाज पार गल्लीच्या तोंडापर्यंत.
त्याच्याच बल्बखाली कॅरम, चार पोरं,
त्यातला एक येरवड्याहून नुकता सुटलेला.
सोंगटीवरची नजर न काढता म्हणायचा,
मावशी, आज उशीर?
माझ्या उशिराचा हिशेब
घरातसुद्धा कुणी ठेवत नव्हतं.

मग टॉवरमधून अर्ज गेला.
टोळकी बसतात. शंभर सह्या.
अतिक्रमणवाल्यांची गाडी आली,
भुर्जी गेली, कॅरम गेला,
बल्ब तर नझीरचाच होता.
आता तिथं कुणी बसत नाही.
आता मी किल्ली बोटांत धरून चालते.

काल मागून पावलं.
मी भरभर, तर तीही भरभर.
तोंडात देवाचं नाव, डोळ्यांपुढं ग्रुपवरचा तो फोटो.
थांबले. पाय वळेनात, मान वळली.

मोबाइलची बॅटरी लागली होती.
माझ्यावर नाही,
त्यानं ती आपल्याच तोंडावर धरलेली,
हनुवटीखालून, जत्रेतल्या भुतासारखी.
मावशी, मी. शेवंताबाईचा हर्षद.

मेल्या, जीव गेला ना माझा!
तो हसला. सवय झालीय, म्हणाला,
आणि पुढे निघाला.
मला मागून दिसत होती
फक्त त्याच्या कानांभोवतीची उजेडाची कड.
बॅटरी त्यानं विझवली नाही.
वरून आणखी एक बाई उतरत होती.