करून राहिले

पुण्यात पहिल्या नोकरीत
शेजारच्या टेबलावरची मुलगी हसली होती:
'करून राहिले' नाही गं, 'करते आहे' म्हणावं.
मी शिकले.
अकरा वर्षं करते आहे, करते आहे.
आता परत नागपुरात, बेसा रोडला, तिसरा मजला,
आणि आई फोनवर विचारते,
काय करून राहिली वं?

मे महिना. सेहेचाळीस.
कानात मीटिंग, मांडीवर लॅपटॉप, गॅसवर दूध,
ओजसच्या वहीत अपूर्णांक,
बाल्कनीत कूलरच्या टाकीत सोडून दिलेला पाइप.
सगळंच, आई.

सगळंच म्हणजे
दूध शेगडीवर, पाणी हॉलभर,
तीन छेद चार उलटे लिहिलेले,
आणि खापरखेड्याच्या सिमेंटवाल्याला
'देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो'.
त्याचा लगेच फोन: ताई, मी तं जित्ता आहो अजून.
घरात चार दिवस पुरलं ते हसू.

पाचव्या दिवशी कळलं, शांती जर तिकडे गेली
तर त्याच्या बिलाचा अंगठा कुठे गेला.
दमयंतीकडे.
'बाबा आज पहाटे गेले' याच्या खाली, पिवळा, ताठ.
अंगठा दाखवणे म्हणजे काय
हे आम्हाला सातवीत शिकवलं होतं.
वाक्यात उपयोग करा, असं होतं.
ती माझ्याच बाकावर बसायची.

त्या रात्री कूलर भरायचा होता.
पाइप सोडून आत यायची सवय.
उभी राहिले. फोन आत, उशीखाली.
टाकी भरायला नऊ मिनिटं लागतात
हे इतक्या उन्हाळ्यांत मला माहीत नव्हतं.
दुसऱ्याच मिनिटाला हात खिशाकडे गेला,
गाऊनला खिसाच नाही.
चौथ्या मिनिटाला मन जीएसटीच्या तारखेवर जाऊन बसलेलं.
हाकलून आणलं म्हशीसारखं,
आलं, पण रवंथ करत.
मग ऐकू आलं.
रिकाम्या टाकीत पाणी पत्र्यावर ढणढणतं,
वीतभर झालं की आवाज जाड होतो,
आणि काठाशी येताना
मोठ्या माणसांत बसलेल्या पोरासारखं
जवळजवळ गप्प.
वाळ्याच्या ताट्या खालून वर भिजत गेल्या,
वासही तसाच आला, खालून वर.

फार काही घडलं नाही. कूलर भरला.
तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी हॉलभर.
पाचव्या दिवशी नाही.
ओजस म्हणाला, तू गणित बघताना आता गणितच बघते,
मला भीती वाटते.

पोळी करून राहणे.
करणे, आणि मग तिथेच राहणे,
त्या करण्यात, भाडेकरूसारखं का होईना,
पोळी फुगेपर्यंत.
आईच्या बोलीत दोन क्रियापदं आहेत.
मी पुण्यात त्यातलं दुसरं
कुणाच्यातरी टेबलावर विसरून आले होते.

नंदनवनला दमयंतीकडे गेले.
तेरवी होऊन गेलेली, मी उशिराच.
तिने पाणी दिलं. अंगठ्याचं काही बोलली नाही.
मीही माफीचं जे पाठ करून नेलं होतं
ते ग्लासासोबत खाली ठेवलं.
बाबांचं शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं:
मोटर बंद केली का?
एवढंच. टाकी भरली असेल ना, मोटर बंद केली का?
दोन्ही वेळा मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

पर्समध्ये काहीतरी थरथरलं.
थरथरो.
आईच असेल, विचारत असेल तेच.

ऐकून राहिले, आई.