वापर: सार्वजनिक

पणजीच्या सर्वे खात्यात माझी सतरा वर्षं गेली.
कुणाची पायवाट कुणाच्या कुळागरातून जाते,
कुठल्या बांधावर किती भावांचा हक्क,
नकाशा उलगडला की सांगू शकते.
रायबंदरचा लांब पूलही आहे त्यात.
एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं,
मधे सरळ रस्ता,
आणि रकान्यात, माझ्याच अक्षरात,
वापर: सार्वजनिक.

पहाटे पाच वीसला मी तिथे धावते.
म्हणजे आधी
वेणी टी-शर्टच्या आत खोचते, कुणाच्या हाती लागायला नको,
किल्ली उजव्या मुठीत, टोक बाहेर,
शिट्टी गळ्यात, भाचीच्या शाळेतली, पीटीची.
कानांत काही नाही.
गाणी मी घरी ऐकते, भांडी घासताना.
बूट सगळ्यात शेवटी.

सेहेचाळीस पूर्ण झाली तेव्हा वहिनी म्हणाली,
आता तुला कोण बघतंय!
म्हणाली ते मायेनंच.

एप्रिलात एक काळी स्कूटर आली,
नंबरावर चिखल,
चिखलाचे दिवस नसताना.
शेजारून हळू, अगदी माझ्या वेगानं.
"कितके किलोमीटर, आंटी?"
मग पाठीवर थाप,
जिथे शाबासकी देतात तिथे,
आणि मग तिथून खाली.
त्यांचं हसू पुलाच्या टोकापर्यंत सरळ गेलं.
रस्ताच सरळ आहे.

हवालदारानं नाव लिहिलं, वय लिहिलं,
पेन थांबवलं.
"एकलीच कित्याक धांवता गो बाये?"
अर्जात असा रकाना नव्हता,
मी उत्तर दिलं नाही.

अकरा दिवस गच्चीवर धावले.
बत्तीस फेऱ्यांचा एक किलोमीटर,
वाळत घातलेली सोलं ओलांडत.
खालून मिंगेलबाब काठीनं छत ठोकायचे.
पाय दमायचे, छाती दमायची नाही.

बाराव्या दिवशी परत पुलावर.
आणि पुढे कुणीतरी!
फिका शर्ट, लहान पावलं, बाईच.
एवढा आनंद झाला की मी वेग वाढवला.
तिनंही वाढवला.
मला वाटलं, शर्यत लावते आहे पोरगी.
मी आणखी वाढवला.
तिचे खांदे कानांपाशी गेले.
उजवी मूठ मिटली.

ती मूठ मी ओळखली,
आणि तेव्हा कुठे ऐकू आली मला
माझी पावलं,
पुढून ऐकू येतात तशी.

थांबले. ओरडले,
"हांव गो! बायलमनीस! भिऊं नाका!"
इतकी वर्षं जे अंधारात झाकत धावले
तेच भर रस्त्यात, घसा फोडून.
मिठागरातले दोन बगळे उडाले.

ती वळली. मुठीत तिखटाची डबी,
झाकण आधीच उघडलेलं,
अर्धं तिखट तिच्याच मनगटावर.
गुडघ्यांवर हात टेकून ती हसत होती
की दुसरं काही, मी विचारलं नाही.
जोव्हिता. चोडणची. नर्सिंगला आहे.
माझ्या बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला तिनं,
तरी आग होत राहिली.
पहिली फेरी धक्क्याला लागल्याचा आवाज आला.

आम्ही रोज बरोबर धावत नाही.
ती माझ्याहून बरीच पुढची आहे.
पण कुणी बाई पुढे दिसली की
मी आता लांबूनच खोकते.
काळी स्कूटर त्यानंतर दोनदा दिसली.
चिखल तोच.

काल ऑफिसात एक म्हातारे आले,
पुलाजवळच्या एका आगराचे भाटकार.
नकाशावर बोट ठेवून म्हणाले,
आगर माझं, ते कळलं,
पण बाये, हा रस्ता कुणाचा?
मी सांगितलं.
आवाज जरा चढला असावा,
शेजारच्या टेबलावरचे सगळे
माझ्याकडे बघायला लागले.