एकवीस अंश

बाहेर उणे एकोणीस.
बाबांच्या व्होल्वोला मात्र वाटतं, आत उन्हाळा चाललाय.
म्हणून ती व्होरूपासून तार्तूपर्यंत
गुडघ्यांवर गार वारा सोडत राहते,
आणि बाबा बिनतक्रार हातमोजे घालून चालवत राहतात.
"वय झालं तिचं," म्हणतात. सत्तावीस.
स्वतःच्या एक्क्याऐंशीचा विषय नाही.

छतातला दिवा काढायचा. चार खटके.
लोण्याच्या सुरीनं तीन सुटले, चौथा तुटला.
तो आवाज ऐकलाच नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

आत मिरीएवढा सेन्सर,
मागे बोटाच्या पेरावर मावेल असा पंखा.
गाडीतली हवा घोट घोट ओढून चाखायची,
एवढंच त्याचं काम.
जाळीवर इतक्या वर्षांचं साचलेलं:
मुरीचे पांढरे केस, ती कुत्री जाऊन नऊ वर्षं झाली,
आईच्या स्वेटरची निळी लव,
राईच्या शेतातली माती,
आणि या सगळ्यावर एक पिवळा, चिकट थर.

स्पिरिटचा बोळा फिरवला.
कापूस चहाच्या रंगाचा झाला. वास आला.
मी जन्मले त्या दिवशी
सिगारेट कायमची सोडलेल्या माणसाकडे मी पाहिलं.
तो दारातून बर्फाकडे बघत होता, जरा जास्तच लक्ष देऊन.
"धूळ बसते," म्हणाला.
"बसते की," मी म्हणाले.

नवा म्हणजे आगोच्या भंगारातला, बारा युरोंचा,
राक्वेरेच्या कुणा कुटुंबाची हवा प्यायलेला.
मीटरला जोडून मुठीत धरला,
रोधाचा आकडा भराभर उतरला.
ऊब लागली की विरोध गळतो;
आमच्या घरात हे एवढं त्यालाच जमतं.
मग बाबांच्या मुठीत दिला.
आकडा हलेना.
बराच वेळ आम्ही त्या काचेकडे बघत उभे,
त्यांचा हात माझ्या हातात, कामापुरता.
मग उतरला. थोडा.

दिवा बसवला, तुटक्या खटक्याजागी पुठ्ठ्याची घडी.
चकती एकवीसवर.
छतात कुठेतरी पंखा कुजबुजू लागला.
पेट्रोलपंप यायच्या आत बाबांनी हातमोजे काढले,
मांडीवर ठेवले, एकावर एक.

आणि उणे एकोणीसमध्ये
त्यांच्या हातानं आपसूक
खिडकीची काच बोटभर खाली घेतली.

मग वर केली.