बोरी फाटा ते झरी

जिंतूरच्या चार्जरवर गोणपाट टाकलेलं होतं.
शेजारचा पानवाला म्हणाला, परवापासून बंदच हाय ते,
असं हळू आवाजात, जणू माझंच कुणी गेलंय
आणि मला कळवायचं राहून गेलं.

तेरा टक्क्यांवर निघाले.
एसी बंद, गाणी बंद, काचा खाली.
मार्चचं ऊन मांडीवर घेऊन पन्नाशीच्या आत चालवत राहिले.
मागच्या सीटवर कवळ्यांचा खोका,
सात म्हाताऱ्यांचे दात, माझ्या हातचे,
परभणीला डॉक्टर तोष्णीवालांकडं पाचच्या आत.
खड्डा आला की खोक्यात कुणीतरी कुणाला तरी चावायचं.

बोरी फाट्याच्या पुढं डॅशबोर्डवर कासव उगवलं.
एवढुसं, पिवळं.
खाली आकडा : तीन.

हनवता गिरामनं ट्रॅक्टर थांबवला
आणि आधी बॉनेट उघडायला लावलं.
बराच वेळ आत बघत राहिला.
'कुठं हात घालावा तेच कळंना,' म्हणाला,
आणि ट्रॉलीतून नाडा काढला.

मी त्याला सांगितलं ते त्याला पटलं नाही.
मलाही नीट पटलेलं नव्हतं, नुसतं कुठंतरी ऐकलेलं :
तुम्ही ओढा, मी गाडी चालू ठेवून अडवत राहते,
चाकं फिरतील, मोटर उलटी राबेल, बॅटरी भरेल.
'बरं,' तो म्हणाला. आजारी माणसाला म्हणतात तसं.

निघालो.
ट्रॉलीतला करडईचा भुसा उडून काचेवर.
वायपर लावावा, तर तेवढीही वीज मोजलेली.
मागून एसटी सारखी हॉर्न मारतेय,
कारण माझे लाल दिवे विझतच नाहीत.
अर्ध्या कोसावर हनवतानं मान वळवली :
'बाई, ब्रेक सोडा की! लई जड लागतंय.'
'सोडला तर भरत नाही!'
'कामून?'

कामून ते मी ट्रॅक्टरच्या आवाजावरून ओरडून सांगू शकले नाही.

भावाच्या घरात राहते मी. नववं वर्ष.
भांडं वाजू देत नाही. नळ बारीक सोडते.
गावाला जाताना मागच्या सीटवर अंग चोरून बसते,
तिघींच्या जागेत पाऊण.
ओढणाऱ्याला जड होऊ नये, एवढंच शिकलेय,
आणि इथं हा परका माणूस पुढं धूर सोडतोय
आणि मी पाय रोवून, मुद्दाम, जितकी होता येईल तितकी
जड होतेय.
पाच.
सात.
कासव कधी गेलं, दिसलंच नाही.

चढावर ट्रॅक्टर कण्हला तेव्हा मात्र
मला लाज वाटली. अडवणं थोडं सैल केलं.
आकडा तिथंच थबकला. परत घट्ट केलं.

झरीला हॉटेलापुढं थांबलो. चौदा.
हनवता खाली उतरला, काचेतून आकडा बघितला,
मग ट्रॅक्टरच्या टाकीत काडी घालून बघितली.
'दीड लिटर तरी जादा पेलं,' म्हणाला.
'म्हणजे ओढलं म्या, अन् खाल्लं तुमच्या गाडीनं.'
'हो.'
'अन् धूर माझा.'
'हो.'
तेव्हा तो हसला. समोरचे दोन दात नव्हते.
नजर तिथंच गेली माझी, धंद्याची खोड.

दीडशे दिले. बारा परत द्यायला लागला,
मी चहा सांगा म्हटलं.
माझ्या नंबराखाली त्यानं लिहून घेतलं : दाताच्या बाई.

परभणीची वाट धरली तेव्हा आरशात तो दिसला,
नाडा हातावर गुंडाळत, मध्येच थांबून
वीत लावून मोजत.
लांबला असणार.
माझ्याकडं तेवढं मोजायला काही नव्हतं.
मागं खोका वाजला.