हलला जाताना

गावाचं नाव ऐकून मेहरुन तांबोळी म्हणाली होती,
"हलला जायचं तर आधी हलायला हवं, मॅडम,"
आणि त्याच दुपारी तिने एक्सेलची शीट उघडली.

पिवळ्या रकान्यात विमान, निळ्यात परिषद,
हिरव्यात गाव बघणं, दीड दिवस.
हॉटेल स्टेशनच्या पाठीमागे,
कारण टॅक्सीचे पैसे विद्यापीठ देत नाही
आणि विचारूही देत नाही.
दोघींत एक खोली. दोन खाटा, न्याहारीसह.
पैसे परत न मिळणारी घेतली,
ती अकराशे रुपयांनी स्वस्त होती.

विषय : खाडीतला गाळ.
दाभोळला गुडघाभर चिखलात उतरून
नमुने सगळे तिनेच काढले.
मी काठावरून बाटल्यांना चिठ्ठ्या डकवल्या.
निबंधावर माझं नाव आधी.

व्हिसाच्या अर्जाने विचारलं, परत याल कशावरून?
मी जोडलं : नवरा, फ्लॅट,
गृहकर्जाची राहिलेली नऊ वर्षं.
तिने जोडलं : अम्मी, भाड्याची खोली,
तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीचं पत्र.
कुणाचं कर्ज नव्हतं बिचारीवर.
नकार आला तो दीड पानी, अतिशय सभ्य.

आता मी हलमध्ये.
खोली तीनशे चौदा. दोन उशा, दोन कप,
साबणाच्या दोन वड्या, एकीचं वेष्टन शाबूत.
काउंटरवरची मुलगी विचारते,
तुमच्या सोबतच्या बाई?
पहिल्या दिवशी म्हणाले, उशिरा येणार आहेत.
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी तिनेच विचारणं सोडलं.

परिषद वेळेवर सुरू झाली, वेळेवर संपली.
एका डॅनिश म्हाताऱ्याने उठून विचारलं,
ओहोटी लागल्यावर किती मिनिटांनी घेतले नमुने?
मी म्हणाले, लिहून पाठवते.
मेहरुनला ते तोंडपाठ आहे.

उरले हिरवे रकाने. ते तिच्याच क्रमाने चालले.

"फोनची खोकी इथे लाल नसतात म्हणे, सायीच्या रंगाची. खात्री करणे."
केली. एकात शिरलेसुद्धा,
रिसीव्हर कानाला लावला, उगाच.

"बटाट्याची पॅटी. वर लाल मसाला भुरभुरतात. तिखट असतो का?"
नाही.

"पूल. चालत. मधोमध थांबून पाण्याचा रंग लिहिणे."
वाऱ्याने ओढणी तोंडावर, पेन धड धरवेना.
लिहिलं : चहा, दूध कमी.

रात्री फोन केला. तिकडे पहाटेचे साडेचार.
झोपली नव्हती की उठली होती, विचारलं नाही.
सगळं सांगितलं. टाळ्यांचंही सांगितलं,
थोड्या कमी करून.
ती जरा वेळ गप्प. मग,
"आणि बोटांत कसा लागतो?"
काय?
"गाळ, मॅडम."

गाडी नऊ चाळीसची.
पूर्ण ओहोटी सहा दहाला, शीटमध्येच होतं, लाल अक्षरांत.
चार दिवस ती ओळ मी बघत होते,
मला वाटत होतं, नुसती माहिती आहे.

पुलाखालपर्यंत टॅक्सी केली, स्वतःच्या पैशांनी.
ड्रायव्हरला थांब म्हटलं.
बूट दगडावर ठेवले, सलवार वर खोचली,
आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
काठ सोडला.
घोट्यापर्यंत. मग पोटरीपर्यंत.
कुत्रा फिरवणारा एक माणूस थांबून बघत राहिला.
चिमूट घेतली, अंगठ्याने घासली,
ती घासते तशी, डोळे मिटून.
गार. दाभोळपेक्षा बारीक. कणी लागतच नाही,
साय मोडावी तसा.
हे तिला लगेच कळवायचं होतं,
पण फोन धरायला एकही बोट कोरडं नव्हतं.

ड्रायव्हरने मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलं,
आरशातून माझे पाय पाहिले,
म्हणाला,
काही हरवलं होतं का तुमचं?